कर्जाला जोडलेले छप्पर: अमेरिकेच्या खेड्यांतील भाड्याची घरे

अमेरिकेच्या ग्रामीण भागात स्वस्त भाड्याची घरे उभी राहिली ती मुख्यतः 1949 च्या गृहनिर्माण कायद्यामुळे. या कायद्याने शेतकऱ्यांच्या घरांसाठी कर्ज देण्याचे काम कृषी विभागाकडे सोपवले. 1962 मध्ये त्यात कलम 515 आले आणि भाड्याच्या इमारती बांधण्यासाठीही सरकारी कर्ज मिळू लागले. आरंभी ही सोय वृद्धांपुरती होती, पुढे ती कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनाही लागू झाली. खाजगी बँका लहान गावातल्या इमारतीसाठी पैसे द्यायला नाखूष असत. सरकारने व्याजाचा भार स्वतःवर घेऊन मालकाला प्रत्यक्षात 1 टक्का दराने दीर्घ मुदतीचे कर्ज दिले आणि त्या बदल्यात भाडे व नफा यांवर मर्यादा घातली. या मार्गाने 5 लाखांहून अधिक घरे बांधली गेली.

व्याज कमी केले तरी अगदी गरिबांना भाडे परवडत नव्हते. म्हणून 1974 मध्ये कलम 521 खाली भाडे-साहाय्याची तरतूद झाली. आजच्या नियमाप्रमाणे अशा कुटुंबाने उत्पन्नाच्या 30 टक्के रक्कम भाड्यापोटी भरायची आणि उरलेला फरक सरकारने मालकाला द्यायचा. या घरांतल्या निम्म्याहून अधिक कुटुंबांचे प्रमुख वृद्ध किंवा अपंग आहेत. त्यांच्या दृष्टीने कायद्यातला सर्वांत मोलाचा भाग हाच.

मात्र हे साहाय्य भाडेकरूच्या गरजेला नव्हे, तर इमारतीवरच्या कर्जाला जोडलेले होते. कर्ज आहे तोवर साहाय्य मिळणार आणि कर्ज फिटले की साहाय्य व भाड्यावरची मर्यादा दोन्ही संपणार, अशी ही रचना आहे. मालकाची कर्जमुक्ती आणि भाडेकरूचे संकट एकाच दिवशी यावे, हा या कायद्याचा मूलभूत दोष आहे.

तो प्रथम जाणवला मुदतपूर्व परतफेडीच्या निमित्ताने. जुन्या करारांनुसार मालकाला कर्ज केव्हाही फेडून बाहेर पडता येत असे. घरे झपाट्याने हातची जाऊ नयेत म्हणून 1987 च्या कायद्याने हा हक्क आवळला. मालकाला थांबण्यासाठी आधी सवलती देऊ करायच्या आणि ठरावीक परिस्थितीत इमारत विकत घेण्याची संधी ना-नफा संस्थेला किंवा सार्वजनिक यंत्रणेला द्यायची, असा क्रम ठरला. हा करारभंग आहे असे म्हणत मालक न्यायालयात गेले. फ्रँकोनिया असोसिएट्स खटल्यात 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे दावे मुदतबाह्य नसल्याचा निर्णय दिला. भाडेकरूंचे रक्षण आवश्यकच होते, पण दिलेला शब्द मागाहून बदलून ते साधण्याची किंमत सरकारपुढे उभी राहिली.

आता त्याहून मोठा प्रश्न मुदत पूर्ण होणाऱ्या कर्जांचा आहे. त्यात मालकाची लबाडी नसते, हप्ते संपलेले असतात एवढेच. दुसरीकडे, 2011 नंतर कलम 515 खाली नवी घरे बांधली गेलेली नाहीत. उरलेली सुमारे 4 लाख घरे जुनी होत आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीला पैसा लागतो. मुदतपूर्व परतफेडीने साहाय्य गमावणाऱ्यांना व्हाउचर मिळते, पण त्याची रक्कम ठरावीक असते, ती वाढत्या भाड्याबरोबर वाढत नाही. शिवाय जिथे भाड्याची दुसरी इमारतच नाही अशा गावात ते व्हाउचर घेऊन जायचे कुठे?

योग्य उपाय कर्ज आणि साहाय्य यांची फारकत करण्यात आहे. कर्ज फिटल्यावरही मालकाने ठरावीक काळ घरे स्वस्त भाड्याने द्यायची आणि सरकारने साहाय्य चालू ठेवायचे. टीना स्मिथ आणि माइक राउंड्स या दोन वेगळ्या पक्षांच्या सिनेटरांनी 2023 मध्ये मांडलेल्या विधेयकाचा हा एक प्रमुख हेतू होता. 2024 च्या अर्थसंकल्पी कायद्याने प्रायोगिक स्वरूपात 1,000 घरांपर्यंत ही मुभा दिली. 4 लाखांच्या तुलनेत हा आकडा अगदीच तोकडा आहे. शिवाय साहाय्याला दरवर्षी काँग्रेसची मंजुरी लागते, त्यामुळे मालकाला दूरचा भरवसा मिळत नाही.

नवे घर बांधण्यापेक्षा उभे असलेले घर टिकवणे सहसा स्वस्त पडते. म्हणून ही फारकत प्रयोगापुरती न ठेवता कायमची केली पाहिजे आणि दुरुस्तीच्या निधीची जोड तिला दिली पाहिजे. भाडेकरूची गरज कर्जाच्या शेवटच्या हप्त्याबरोबर संपत नाही, तेव्हा कायद्याची जबाबदारीही तिथे संपता कामा नये.