मुसाफिर कोण?

आठवीच्या वर्गात 'सफर' हा शब्द शिकवत होते. अरबीचे जाणकार या शब्दाचे नाते उघडे करण्याशी जोडतात. सफरीत माणसाचा स्वभाव उघडा पडतो, म्हणून ती सफर. हे सांगून झाले आणि मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "टीचर, माझे अब्बा महिन्यातले पंचवीस दिवस गाडीवर असतात. मग ते कायमचेच मुसाफिर का? त्यांनी जन्मभर दोनच रकात पढायच्या?"

वर्ग हसला. त्याचे वडील चाकणहून नव्या मोटारी लादून उत्तरेकडे जाणारा ट्रेलर चालवतात. केबिनमध्येच बिछाना, तिथेच स्टोव्ह, तिथेच पाण्याचा कॅन.

मसला अवघड नाही. हनफी मताप्रमाणे सुमारे 77 किलोमीटरच्या प्रवासाच्या इराद्याने वस्तीची हद्द ओलांडली की माणूस मुसाफिर होतो. एका ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी राहायचे असेल, तर जोहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींऐवजी तो दोन पढतो. कोकणातले आपले शाफई बांधव मुक्कामाचा हिशोब चार दिवसांचा धरतात. पण ज्याचे घरच त्याच्याबरोबर फिरते, त्याचे काय? हा प्रश्न जुन्या फकीहांनाही पडला होता. ज्या नावाड्याचे बायकामुले आणि चूल नावेतच आहे, किनाऱ्यावर ज्याला दुसरे घर नाही, त्याने पूर्ण नमाज पढावी, असे इमाम अहमद बिन हंबल यांचे मत. इमाम शाफई यांच्या मते तोही मुसाफिरच. मुलाच्या अब्बांचे घर चिखलीत आहे, म्हणून त्यांचा प्रश्न सोपा. घरी पूर्ण, वाटेवर कसर. एवढे मी सांगितले. तरी माझी जीभ अडखळली, आणि त्याचे कारण वेगळे होते.

2022च्या नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघे सफरीला निघालो होतो. यांच्या मित्राने एक जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिचे फिरते घर केले आहे. दोन बिछाने, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, कोपऱ्यात छोटेसे संडास. ती त्याने चार दिवसांसाठी दिली. सुरतजवळच्या हजिऱ्याहून घोघ्याला गाड्या घेऊन जाणारी बोट 2020च्या नोव्हेंबरात सुरू झाली. सडकेने सुमारे 370 किलोमीटरचा वळसा, समुद्रातून जवळपास 90. गाडीसकट समुद्र ओलांडायचा, एवढीच हौस.

आकुर्डीहून निघालो तेव्हा थट्टेचा विषय एकच होता, आपली वस्ती संपते कुठे? निगडी गेली, देहूरोड गेले, तळेगाव आले, तरी घरे संपेनात. "आपण अजून मुकीमच," हे म्हणाले. लोणावळा, ठाणे, वापी करत रात्री नवसारीच्या पुढे एका पेट्रोल पंपाच्या आवारात थांबलो. शेगडीवर खिचडी केली. इशाच्या दोन रकात पढलो आणि रजया ओढून झोपलो. सवलत घेताना मनात काही आले नाही. येण्याचे कारणही नव्हते. सवलत त्रासासाठी असली तरी ती त्रास मोजून दिली जात नाही. पालखीतला आणि पायी चालणारा, दोघांना ती सारखीच.

रात्री दोनच्या सुमारास दारावर थाप पडली. शेजारच्या ट्रकचा चालक होता. क्लीनरला ताप भरलाय, उलट्या होताहेत, थोडे गरम पाणी आणि एखादी गोळी मिळेल का, असे तो हिंदीत विचारत होता. हे उठले. मी यांचा हात धरला. "उघडू नका." त्याने आणखी दोनदा हाक मारली. मग पावले दूर गेली.

सकाळी ती जागा रिकामी होती. बोटीवर ट्रकच्या रांगा होत्या. चालक कठड्याशी उभे राहून चहा पीत होते. त्यात तो होता की नाही, कोण जाणे. मी त्याचा चेहरा पाहिलाच नव्हता.

अनोळखी जागा, मध्यरात्र, सोबत बाई. भीती वाटणे हा गुन्हा नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले. दीन कुणाला जीव धोक्यात घालायला सांगत नाही. पण खिडकीची काच चार बोटे तरी सरकली असती. त्या फटीतून गोळ्यांचे पाकीट आणि पाण्याची बाटली सहज गेली असती. ते मला सुचले नाही, कारण मी धोक्याचा विचारच करत नव्हते. मला फक्त आपली ऊब मोडायची नव्हती.

परतताना सुरत शहरात गेलो. याच बंदरातून मक्केची जहाजे सुटत. अकबर बादशहाची आत्या गुलबदन बेगम 1576 साली इथूनच हजला निघाली. त्याआधी पोर्तुगीजांच्या परवान्यासाठी तिला इथे सुमारे वर्षभर थांबावे लागले होते. पुढे शाहजहानच्या काळात, 1644 साली, यात्रेकरूंसाठी इथे मोठी सराय बांधली गेली. त्या इमारतीत आज सुरत महानगरपालिकेचे कार्यालय आहे. त्या कमानीखाली उभी असताना मला सूरह तौबातली जकातीच्या आठ हक्कदारांची आयत आठवली. त्या यादीत शेवटचा मुसाफिर आहे. फकीह म्हणतात, घरी तो कितीही सधन असो, वाटेवर अडला तर त्याचा हक्क आहे. म्हणजे सवलत देताना शरीयत मुसाफिराची सुखसोय पाहत नाही, तशी हक्क देताना त्याची मालमत्ताही पाहत नाही. दोन्ही गोष्टी वाटेवरच्या माणसाच्या आहेत. मी पहिली उचलली आणि दुसरी दाराबाहेर ठेवली.

नमाज कसर करायला 77 किलोमीटर जावे लागते. मुसाफिराचा हक्क द्यायला कुठेच जावे लागत नाही. चाकणच्या कारखान्यांबाहेर माल भरायची वाट पाहत ट्रेलर उभे असतात. त्यांतली माणसे आमच्याच रस्त्यावर आंघोळ करतात, भाकऱ्या भाजतात. गाड्या इथून हलवा म्हणून आपणच ओरडतो. ती माणसे आपल्या दाराशी आलेले मुसाफिर आहेत, हे आपल्या मनात येत नाही.

त्या मुलाला मी मसला नीट समजावला. फळ्यावर किलोमीटरही लिहून दाखवले. तुझे अब्बा रात्री-अपरात्री कुणाच्या दारावर थाप मारत असतील तर ते दार उघडते का, एवढे मात्र त्याला विचारायचा मला धीर झाला नाही.