शरण येणाऱ्याची पात्रता

हवाई बेटांपैकी कौआईच्या पूर्व किनाऱ्यावर वाइलुआ नदी समुद्राला मिळते. लांबी जेमतेम ३२ किलोमीटर; वाइअलेअले डोंगरावरचा धो धो पाऊस पोटात घेऊन ती उतरते आणि बघता बघता खारी होते. मुखाच्या दक्षिणेला लिडगेट पार्क आहे. काळ्या दगडांच्या बांधांनी अडवलेल्या पाण्यात मुलं डुंबतात, कुटुंबं डबे उघडून बसतात. याच आवारात हिकिनाअकला, म्हणजे सूर्योदय, या नावाच्या प्राचीन देवस्थानाचा दगडी पाया उरला आहे आणि त्याला लागून हाउओला हे अभयस्थान. जुन्या हवाईत ‘कपू’, म्हणजे धर्माने घातलेला निषेध, मोडणाऱ्याला देहदंड होऊ शके. बायकांना केळं वर्ज्य, पुरुषांच्या पंगतीला बसणंही वर्ज्य. पण पाठलाग चुकवून जो अभयस्थानी पोहोचला, त्याला कोणी हात लावायचा नाही; पुजारी त्याची शुद्धी करी आणि तो घरी परते. अशा जागेचं पावित्र्य नेमकं कशात असतं? माझ्या मते, आत येणाऱ्याची पात्रता न तपासण्यात.

यावर पहिला आक्षेप न्यायाचा. धावायला बळ असलेला सुटतो आणि म्हातारा वाटेतच मरतो, हा कसला धर्म? आक्षेप खरा आहे आणि तो पुसता येणार नाही. पण तो अभयाच्या अंतरावर आहे, अभयावर नाही. त्यातून निघतं ते एवढंच की अशी ठिकाणं जवळ हवीत, पुष्कळ हवीत. अधिक अवघड शंका सुग्रीवाची आहे. बिभीषण समुद्रकाठी रामाच्या तळावर आला तेव्हा सुग्रीवाने त्याला शत्रूचा हेर मानलं, आणि युद्धाच्या हिशेबाने त्याचं चुकलं नव्हतं. हनुमानाने बिभीषणाच्या बाजूने युक्तिवाद केला. रामाचा निर्णय मात्र त्या युक्तिवादावर टेकलेला नाही: शरण आलेला दोषी निघाला तरी त्याला टाकायचं नाही, अशी त्याची भूमिका. मला ही भूमिका पटते, कारण छाननी करून दिलेलं अभय हा शेवटी आणखी एक निवाडाच ठरतो, आणि निवाड्यापासूनच तर माणूस पळत आलेला असतो. ज्याचं नुकसान झालं त्याचं काय, हे विचारलंच पाहिजे. भरपाई मागण्याचा त्याचा हक्क अभयाने बुडत नाही. जीव घेण्याचा तेवढा थांबतो.

दुसरा आक्षेप असा की १८१९ मध्ये राजा लिहोलिहो स्त्रियांच्या पंगतीला जेवला, कपूची व्यवस्था कोसळली, मग अभयस्थानाला अर्थ काय उरला? आता तिथे सहलीच होतात. ते पायाचे दगड हलवू नयेत, त्यांवर बसू नये, हे तर उघडच आहे. पूर्वजांचं स्थान जपणाऱ्यांचा तो मान आहे. पण शेजारच्या वाळूत कोणीही, कुठूनही येऊन, न विचारता बसतं, यात मला विटाळ दिसत नाही. जुन्या अभयातला सर्वांत मोलाचा भाग तिथे टिकलेला दिसतो. आपल्याकडे पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, देवळाबाहेर आहे. दलितांसाठी विठ्ठलाचं दार उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. आणि वारकऱ्यांच्या मनातला संतमेळा मात्र, तेव्हाही आणि आजही, चंद्रभागेच्या वाळवंटातच भरतो.