एकजूट आणि संगनमत

कारखानदारांनी एकत्र बसून भाव ठरवला, तर कायदा त्यास गुन्हा मानतो. कामगारांनी एकत्र येऊन मजुरी मागितली, तर तोच कायदा त्यांना अभय देतो. कृती दिसायला एकच. मग एक अनीती आणि दुसरी नीती कशी? ‘दोघेही आपला स्वार्थच पाहतात’ असे कोणी म्हटले, तर ते खोटे आहे असे आम्हांला म्हणवत नाही.

अमेरिकेत १८९० साली शर्मन कायदा झाला. तेल, साखर अशा धंद्यांतील ‘ट्रस्टां’नी स्पर्धकांना गिळून बाजार मुठीत घेतला होता, त्यांना आवरणे हा हेतू. पण पुढे काय घडले ते पाहावे. देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक साखर शुद्ध करणाऱ्या ट्रस्टला जानेवारी १८९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळे सोडले. कारण काय, तर कारखानदारी म्हणजे व्यापार नव्हे! आदल्याच वर्षी शिकागोजवळ पुलमन कंपनीने मजुरी कापली होती; कामगार राहत त्या कंपनीच्या घरांचे भाडे मात्र कमी केले नव्हते. रेल्वे-कामगार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तेव्हा खालच्या न्यायालयाने शर्मन कायद्याचाच आधार घेऊन मनाईहुकूम काढला आणि पुढारी यूजीन डेब्स यांना सहा महिन्यांचा तुरुंगवास घडला. मोठ्या माशांसाठी विणलेल्या जाळ्यात मासा सापडला तो हा.

ख्रिस्तसभेपुढेही हा प्रश्न आला होता. ‘नाइट्स ऑफ लेबर’ या कामगारसंघटनेचा धिक्कार होऊ नये म्हणून बाल्टिमोरचे कार्डिनल गिबन्स यांनी १८८७ साली रोममध्ये रदबदली केली. परमगुरू लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगारांच्या संघटनेचा हक्क उचलून धरला.

आम्हांला भेद दिसतो तो असा. साखर गोदामात थांबू शकते. मजुराचा आजचा दिवस विकला गेला नाही, तर तो कायमचा बुडाला. पोट भावाची वाट पाहत नाही. एकटा मजूर मालकापुढे उभा राहतो तेव्हा तेथे करार होतो, पण दोन्ही बाजूंची संमती असते काय? संघटनेने त्याला ‘नाही’ म्हणण्याची ताकद मिळते. ट्रस्टचे संगनमत नेमके उलटे करते; गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणून जाण्यासाठी दुसरे दुकानच ते उरू देत नाही. १९१४ च्या क्लेटन कायद्याने मानवी श्रम ही क्रयवस्तू नव्हे असे मान्य केले आणि शेतकऱ्यांच्या संघांनाही त्याच कलमात संरक्षण दिले.

तरीही आमचे समाधान पुरते होत नाही. पुलमनच्या कामगारांसाठी लढलेल्या त्याच रेल्वे युनियनने १८९४ च्या अधिवेशनात कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारले. दुर्बळांची एकजूटही दार लावून बसली, की बाहेरच्यासाठी ती ट्रस्टच ठरते. डेब्स यांनी त्या निर्णयाला विरोध केला होता. त्यांची बाजू थोडक्या मतांनी हरली.