पहिल्या चार ओळी

कोल्हापुरात एक मुलगा होता. आयटीआयचा टर्नरचा दोन वर्षांचा ट्रेड त्यानं चांगल्या गुणांनी पूर्ण केला होता. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्र्या आणि मशीनशॉप भरपूर, त्यामुळं नोकरी लगेच लागेल असं घरातल्या सगळ्यांना वाटत होतं.

तो डीटीपीच्या दुकानात गेला. दुकानदाराकडं बायोडाट्याचा नमुना तयारच होता. त्यानं आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव खोडून याचं घातलं. फोटो, वडिलांचं नाव, जात, उंची. मग ध्येय : आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावणे. गुण : मेहनती, प्रामाणिक. छंद : क्रिकेट, गाणी ऐकणे. मुलानं 50 झेरॉक्स काढल्या आणि गेटागेटावर वॉचमनकडं देत फिरला. दोन महिने गेले, फोन काही आला नाही.

"वशिला लागतोय बाळा," आई म्हणाली. "आपल्याकडं कुठला?"

वशिल्यानं नोकऱ्या लागतात, हे खोटं नाही. तरी वशिल्याला दोष देण्याआधी आपला कागद एकदा दुसऱ्याच्या नजरेनं वाचून बघावा, असं मला मनापासून वाटतं.

त्या गल्लीत एक निवृत्त मिस्त्री राहायचे. त्यांची हयात मशीनशॉपमध्ये गेलेली. भरतीच्या वेळी ट्रेड टेस्ट घ्यायला साहेब त्यांनाच बसवायचे. मुलानं कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"ह्यात तुझं काम कुठं हाय?"

"काम अजून लागलंच नाही काका."

"मग सुट्टीत कुठं जायचास?"

"उद्यमनगरात, मामाच्या वर्कशॉपात."

"तिथं काय करायचास? झाडलोट?"

मुलगा जरा दुखावला. "लेथ चालवायचो. पंपाच्या कास्टिंगचं फेसिंग, बोअरिंग. आत बेअरिंग बसायचं असतं, 62 मिलिमीटरचं. बोअर 30 मायक्रॉनच्या आत ठेवायला लागायचा."

"मापायचास कशानं?"

"बोअर गेजनं. मायक्रोमीटरवर सेट करून."

"दिवसाला किती निघायचे?"

"पहिल्या सुट्टीत आठ. दुसऱ्या सुट्टीत पंधरा."

"आणि वाया किती गेले?"

"शेवटच्या महिन्यात एकच. मामाच्या वहीत आहे."

"फोर जॉ चकवर जॉब डायल करता येतोय?"

"येतो की."

मिस्त्रींनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिल टेकवली. "एवढं सगळं येतंय, आणि तू गाणी ऐकतोस म्हणून लिवलंस? अरे, साहेबाच्या टेबलावर ह्या उंचीचा गठ्ठा असतोय. पहिल्या चार ओळी बघतोय आणि पुढचा कागद उचलतोय. त्या चार ओळीत तुझे हात दिसाय पायजेत."

वर नाव, चालू मोबाइल नंबर आणि कुठल्या कामासाठी अर्ज आहे ते. लगेच खाली मामाच्या वर्कशॉपातलं काम : कुठला जॉब, किती मायक्रॉन, दिवसाला किती नग, वाया किती. मग आयटीआयचं वर्ष आणि गुण. जात, उंची, ध्येय, छंद गेले. सगळं मिळून एक पान, तेही पुरतं भरलं नाही.

मुलाच्या मनात एक गोष्ट राहिली होती. "काका, गेटावर सीएनसीवाला पाहिजे म्हणून बोर्ड असतात. प्रोग्रॅमिंग येतं असं लिहू का? सगळेच लिहितात."

"आणि मशीनपुढं उभा केला तर? खरं काय येतंय ते सांग."

"जॉब लावता येतो, टूल ऑफसेट देता येतो. प्रोग्रॅम नाही लिहिता येत."

"मग तेवढंच लिव."

या वेळी त्यानं गठ्ठ्यानं झेरॉक्स काढल्या नाहीत. आधी गेटावरचा बोर्ड नीट वाचायचा, कंपनीत काय बनतं ते विचारायचा आणि मगच अर्ज तयार करायचा. पंपाचे भाग असतील तिथं बोअरिंग वर, शाफ्ट असतील तिथं टर्निंग आणि आटे पाडण्याचं काम वर. माहिती तीच, खरी. फक्त वाचणाऱ्याला जे हवं ते आधी. यात वेळ गेला. पाचच ठिकाणी अर्ज गेले आणि दोन ठिकाणांहून फोन आले.

पहिल्याच ठिकाणी साहेबांनी कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "30 मायक्रॉन? करून दाखव."

त्यानं जॉब बांधला, डायल केला, बोअर काढला. साहेबांनी स्वतः गेज घालून पाहिला. माप बसलं. मग त्यांनी सीएनसीची ओळ वाचली. "प्रोग्रॅमिंग येत नाही, असं स्वतःच लिहिलंयस?"

"हो सर. शिकायचं आहे."

त्याला साध्या लेथवर घेतलं आणि वर्षभरानं सीएनसीवर शिकायला बसवलं.

तुमच्या घरातला कुणी मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी अर्ज लिहीत असेल, मग ते काम नर्सचं असो, हिशेबाचं असो की शिकवण्याचं, तर तयार नमुना हातात देऊ नका. अर्धा तास समोर बसवा. काय केलंस, किती केलंस, कशानं मोजलंस, कुठं चुकलं, हे विचारा. मिळतील ती उत्तरं त्यांच्याच हातानं कागदावर उतरवून घ्या आणि त्यानंतरच त्यांना डीटीपीच्या दुकानात पाठवा.