पाचवे शील आणि सरकारी अनुदान

पंचशील ग्रहण करताना पाचव्या शिलाचा उच्चार आपण सर्वांत शेवटी करतो, आणि घरोघरी पहिल्यांदा मोडते तेही हेच शील. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सतरावी प्रतिज्ञा दारूविषयीच आहे. दीक्षा घेतलेल्या कुटुंबाने देव्हारा हलवला, मरीआईची जत्रा सोडली, पोतराजाचा कोरडा बंद केला. पण बाटली मात्र अनेक घरांतून गेली नाही. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या घरात ती आहे त्या घरातील बाईला ती आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

अशा कुटुंबांना सावरण्याचे काम विहार समितीने किंवा महिला मंडळाने हाती घ्यावे, हे कोणालाही मान्य होईल. वाद उभा राहतो तो पैशाचा. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्तीसाठी संस्थांना अनुदान देण्याची योजना १९८५-८६ पासून आहे. तिची नावे व नियम बदलत गेले, २०२० पासून ‘नशामुक्त भारत अभियान’ही चालू झाले. तेव्हा प्रश्न असा की, धम्माच्या नावाने उभ्या असलेल्या संस्थेने हे काम सरकारी अनुदान घेऊन करावे काय?

न घ्यावे म्हणणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. महाराष्ट्र सरकारला मद्यावरील उत्पादन शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक रुपये मिळतात. तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत शस्त्रे, प्राणी, मांस आणि विष यांच्याबरोबर मद्याचा व्यापारही आहे. जे सरकार एका हाताने दुकानाचा परवाना देते, त्याच सरकारने दुसऱ्या हाताने दिलेला व्यसनमुक्तीचा धनादेश आपण विहारात कसा न्यावा? संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात मद्यबंदीचे मार्गदर्शक तत्त्व आहे आणि १९४९ चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे. त्याच कायद्याखाली परवाने दिले जातात, ही तर आणखी गंमत.

परंतु बाबासाहेब या प्रश्नाकडे कसे पाहत होते, हे आधी पाहिले पाहिजे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करावी आणि उत्पादन शुल्काचे उत्पन्न वाचवावे असे स्पष्ट सांगितले होते. विकासाला पैसा कोठून आणायचा, याच्या हिशेबातली ती एक बाब होती. हे वाचून आपल्यापैकी अनेकजण चपापतात. पण ज्यांनी १९२७ साली महाडला स्त्रियांना सांगितले की दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला आणि मुलाला जेवू घालू नका, तेच बाबासाहेब हे आहेत. या दोन भूमिकांत विसंगती नाही. दारू सोडवणे हे पोलिसाच्या दंडुक्याचे काम नाही, ते घराचे आणि समाजाचे काम आहे. आणि तिजोरीत आलेला पैसा कोणावर खर्च व्हावा, हा वेगळा प्रश्न आहे. बाबासाहेबांनी ही दोन कामे एकमेकांत मिसळली नाहीत.

मग तो पैसा आहे तरी कोणाचा? कळंब, भूम, वाशी, परंडा या भागांतून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याचा विचार करा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या श्रमावर मिळते, मुकादमाच्या वहीत मात्र नाव बहुधा त्याचे असते. त्या उचलीतला जो भाग दुकानात जातो, त्यात तिच्या मोळ्यांचाही पैसा असतो. त्यावरचे शुल्क सरकारजमा होते. म्हणजे जी बाई कधी थेंबाला शिवली नाही, तिच्याच श्रमातून हा कर भरला गेला आहे. तिच्या घरासाठी त्यातला काही भाग परत मागणे याला दान म्हणता येणार नाही. दान घेताना दात्याचा हात पाहावा लागतो. आपले परत घेताना पाहावा लागतो तो हिशेब. आणि दानाचेच म्हणाल, तर आम्रपालीने दिलेली आमराई तथागतांनी स्वीकारली होती. तिचा व्यवसाय कोणता हे त्यांना ठाऊक नव्हते काय?

सवलतींबाबतही आपल्या समाजाने हाच वाद पूर्वी घातला आहे. बौद्ध झालात, आता सवलती कशाला, असे विचारणारे तेव्हाही होते. केंद्राच्या सवलतींसाठी आपल्याला १९९० च्या कायदादुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. त्या मागताना कोणी शरमले नाही, आणि शरमण्याचे कारणही नव्हते.

इतिहासाचाही यात भाग आहे. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि आबकारी हे त्या राज्याच्या उत्पन्नाचे एक मोठे कलम होते. शिंदीची झाडे, ठेके, ठेकेदार हे सारे सरकारच्या देखरेखीखाली चालत असे. गावकीची कामे करणाऱ्याला रोख मजुरी नाही, पण सण आला, लग्न आले, मढे उचलायचे आले की घोटभर पाजायची रीत होती. वतनाचे जोखड आणि हा घोट एकाच हाताने दिला जात होता. फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तेथे आले, ही आठवण जुन्या घरांतून अजून सांगितली जाते. वतन गेले. घोट राहिला.

जगात इतरत्र हाच प्रश्न कसा सुटला, हे पाहण्याजोगे आहे. कॅनडातील मूळ रहिवाशांची मुले सरकारने आईबापांपासून तोडून वसतिशाळांत नेली. तेथे त्यांची भाषा व चालीरीती मोडून काढल्या. त्या माणसांच्या वस्त्यांत पुढे दारूने कहर केला. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील अल्कली लेक हे त्यांपैकी एक लहानसे गाव. १९७२ च्या सुमारास फिलिस चेल्सी या बाईची लहान मुलगी आजीच्या घरून परत यायला तयार होईना, कारण घरी आईबाप दारू पितात. त्या दिवसापासून फिलिसने दारू सोडली, मागोमाग तिचा नवरा अँडी याने सोडली. तो गावाचा प्रमुख होता. चोरटी दारू विकणाऱ्यांना त्याने पकडून दिले. सरकारी मदतीचे रोख पैसे दारूत जात होते, म्हणून दुकानातून धान्यच मिळेल अशा चिठ्ठ्या सुरू केल्या. गावात त्याला शिव्या बसल्या. एकेक घर करत दहा-बारा वर्षांत बहुतेक गाव सुधारले. याच काळात, १९७४ साली, कॅनडा सरकारने मूळ रहिवाशांसाठी व्यसनमुक्तीचा कार्यक्रम प्रयोग म्हणून चालू केला आणि १९८२ साली तो कायम केला. त्याच्या पैशावर चालणारी अनेक केंद्रे त्या लोकांच्याच संस्था चालवतात. काही ठिकाणी आईबाप व मुले एकत्र राहून उपचार घेतात. ज्या सरकारने घर मोडले, त्यानेच घर बांधण्याचा खर्च द्यावा, पण बांधणारे हात आमचे असावेत, अशी त्यांची मागणी आहे. मला ती न्याय्य वाटते.

आता उलट बाजू. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिची शिस्त अशी की बाहेरच्या कोणाचाही पैसा घ्यायचा नाही, सरकारचाही नाही. सभासदांनी टोपीत टाकलेल्या पैशावर खोलीचे भाडे व चहा भागवायचा. पैसा आला की पैसा देणाऱ्याची मर्जी येते, हे त्यांनी ओळखले होते. आपल्याकडे तर पैसा आला की अध्यक्ष कोण आणि सचिव कोण यावर भांडण येते. विहाराच्या समितीत फूट पडलेली गावे वाचकांना मोजून दाखवायची गरज नाही.

म्हणून घ्यावे की न घ्यावे यापेक्षा कसे घ्यावे, हा प्रश्न मला अधिक खरा वाटतो. याचे उत्तर आपल्याच लेण्यांच्या भिंतींवर कोरलेले आहे. नाशिकच्या लेण्यांत क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण दिले, पण ते संघाच्या हाती दिले नाहीत आणि आपल्या अधिकाऱ्याकडेही ठेवले नाहीत. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ते ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, महिन्याला शेकडा एक या व्याजाने. एक हजार दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दल काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्या व्याजातून वर्षावासातील भिक्खूंच्या चीवरांचा खर्च भागे. राजघराण्याचा पैसा, कारागिरांची पेढी आणि संघाचे काम, अशी ती तीन हातांची व्यवस्था होती. त्याच लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख आहे. त्याने भिक्खूंना शेत दिले आणि त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरू नये, त्यास हात लावू नये, अशी सूट कोरून दिली.

आजच्या काळात असे ‘शिरू नये’ आपल्याला म्हणता येणार नाही, आणि म्हणूही नये. लोकशाहीतला पैसा राजाचा नसतो, त्याचा हिशेब पैशापैशाने दिला पाहिजे, तपासनीस आला तर वही उघडी ठेवली पाहिजे. पण घराला सावरायचे कसे, बैठकीत कोण बसेल, वंदना होईल की नाही, पुन्हा घसरलेल्याला परत घ्यायचे की नाही, हे कचेरीने ठरवू नये.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण सरकारी तक्त्यात ‘बरा झाला’ आणि ‘गळाला’ असे दोनच रकाने असतात. विनयपिटकात स्वागत स्थविराची कथा आहे. उग्र नागाला वश करणारा हा मोठा भिक्खू. कौशांबीच्या उपासकांनी त्याच्यावरील भक्तीने घरोघरी मद्य तयार ठेवले. तो घरोघरी प्यायला आणि नगराच्या वेशीत पडला. तथागत तेथून जात होते. त्यांनी भिक्खूंना काय सांगितले? याला उचलून घ्या. विहारात आणल्यावर तो तथागतांकडेच पाय करून झोपला. तेव्हा त्यांनी भिक्खूंना विचारले, ज्याने नागाला वश केले, तो आज पाण्यातल्या साध्या सापाला तरी वश करील काय? आणि मग मद्यपान न करण्याचा नियम केला तो सर्व संघासाठी. स्वागताला संघातून काढले नाही. पाजणारे भक्त होते हेही या कथेत आहे. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत पाजणारे कोण असतात, ते ज्याने त्याने पाहावे.

तेव्हा पडलेल्याला उचलणे ही संघाची रीत आहे. पण उचलणाऱ्यांनी वैद्याला विसरू नये. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर हातपाय थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. अशा माणसाला शील देऊन खोलीत कोंडणे हा अधर्म आहे. त्याला प्रथम जिल्हा रुग्णालयात दाखवावे. तथागतांच्या संघालाही जीवक वैद्य होता.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला हातभार लावला. तेथे पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे, कारण आजार एकट्याचा नसतो हे त्यांनी ओळखले. सरकारी अनुदान घेऊनही त्या संस्थेने आपली पद्धत सोडली नाही. पण आपल्या जिल्ह्यातला तोडणी मजूर महिनाभर पुण्यात राहून आला, तरी परततो तो टोळीतच, मुकादमाच्या हाताखाली. त्याच्यासाठी काम वस्तीतच उभे राहिले पाहिजे, आणि बायकामुलांसह.

त्याचा काळही आपल्या पंचांगात तयार आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते, आणि याच दिवसांत टोळ्या घरी असतात. हे तीन महिने कुटुंबांसोबत बसायचे. सरकारी पैसा मात्र पुष्कळदा मार्चअखेर येतो, जेव्हा वस्तीत म्हातारी माणसे आणि कुलपे एवढेच असते. मग खर्च दाखवण्यासाठी फलक रंगवले जातात, शिबिर भरते, फोटो निघतो. अर्ज करतानाच आपल्या समित्यांनी हप्ता ज्येष्ठात मागावा. खात्यावर सही करणाऱ्या तिघांपैकी दोघी अशा असाव्यात की ज्यांच्या स्वतःच्या घरात ही पीडा होती. मुकादमाला समितीत घेऊ नये, दुकानदाराच्या देणगीला तर नाहीच. गावात परवान्याचे दुकान असेल, तर आडव्या बाटलीच्या मतदानाचा हक्क वेगळा आहे. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी कौल दिला तर ते बंद होते. ते काम अनुदानाच्या खात्यात मिसळू नये, नाहीतर दोन्ही अडतात.

आणि एक पेटी असावी, अनुदान मिळो वा न मिळो. गौतमीपुत्राने आधी दिलेले शेत गाव ओस पडल्याने कसले जात नव्हते. भिक्खूंना त्यातून काही मिळेना, तेव्हा त्याबदली दुसरे शेत देण्याचा आदेश पुन्हा कोरावा लागला. मधल्या काळात त्यांनी काय खाल्ले, ते लेखात नाही. आपल्या पेटीत निदान एका वर्षावासाचे दिवाबत्तीचे, चहाचे आणि रुग्णाला धाराशिवला नेण्याच्या एस.टी. भाड्याचे पैसे असावेत. दर पौर्णिमेला ती महिला मंडळासमोर मोजावी व आकडा विहाराच्या फळ्यावर लिहावा.