सब्र म्हणजे नेमके काय?

मयतीच्या घरी जमलेल्या माणसांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: सब्र करा. ज्याचा तरुण मुलगा गेला त्याला, जिचा नवरा गेला तिला, ज्याचे सोयाबीन पाण्यात गेले त्यालाही आपण हेच सांगतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ पुष्कळदा निराळाच लागतो. आता रडू नका, गाऱ्हाणे सांगू नका, आम्हाला ते ऐकवत नाही, असे जणू आपण त्याला बजावत असतो. कुरआनाने वारंवार उच्चारलेला हा थोर शब्द दुःखिताचे तोंड बंद करण्याच्या कामी येत असेल, तर त्याचा अर्थ आपण पुन्हा तपासला पाहिजे. दुःख होणे, राग येणे, चिंतेने झोप उडणे ही ईमान दुबळे असल्याची लक्षणे आहेत काय? आणि नसतील, तर अशा घडीला ईमान माणसाला देते तरी काय?

पैगंबरांचे अश्रू

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिरंजीव इब्राहीम हे दीड वर्षाच्या आसपास वयाचे असताना वारले. हे मूल एका लोहाराच्या घरी दाईजवळ वाढत होते. अखेरच्या क्षणी प्रेषितांनी त्याला कुशीत घेतले आणि त्यांचे डोळे भरून आले. सोबत असलेल्या ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना नवल वाटले. आपणही रडता, अशा अर्थाचे ते काही बोलले. प्रेषितांनी अश्रू पुसून टाकले नाहीत की त्यांबद्दल संकोचही व्यक्त केला नाही. ही दया आहे, असे त्यांनी सांगितले. डोळे पाझरतात, हृदय व्याकूळ होते, जिभेवर मात्र आपल्या पालनकर्त्याला आवडेल तेच येते, असा त्यांच्या उत्तराचा आशय हदीसग्रंथांत नोंदलेला आहे.

सूरह यूसुफमध्ये ह. याकूब (अ.) यांचे उदाहरण आहे. पुत्रवियोगाने त्यांचे डोळे पांढरे पडले. घरच्यांनी त्यांना टोकले, तेव्हा आपण आपल्या व्यथेचे गाऱ्हाणे फक्त अल्लाहपाशी मांडतो, असे त्यांनी सांगितले. 'सुंदर सब्र' हा शब्दप्रयोग याच सूरहमध्ये याच पित्याच्या मुखी आलेला आहे. ज्याने सुंदर सब्र केला त्याचेच डोळे रडून गेले, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

सब्र या अरबी शब्दाच्या मुळाशी रोखून धरण्याचा अर्थ आहे. मग रोखायचे काय? अश्रू तर प्रेषितांनीही रोखले नाहीत. गालांवर मारून घेणे, कपडे फाडणे, अज्ञानकाळासारखा आक्रोश मांडणे यांची त्यांनी मनाई केली. म्हणजे हाताने स्वतःला इजा करू नये, जिभेने अल्लाहच्या न्यायावर आरोप करू नये आणि मनाने त्याच्या दयेची आशा सोडू नये. या तीन ठिकाणी स्वतःला रोखणे हा सब्र होय. रडायला त्यात पुरेशी जागा आहे.

किल्लारीची पहाट आणि एक कठीण प्रश्न

आपल्या भागात या विषयावर बोलायचे तर 30 सप्टेंबर 1993 ची पहाट टाळून पुढे जाता येत नाही. 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली, तेव्हा फज्रच्या अजानला अजून तासाभराचा अवकाश होता. गणेश विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर, होळी अशी कितीतरी गावे काही सेकंदांत ढिगारा झाली. सरकारी नोंदीनुसार सुमारे 8,000 माणसे मृत्युमुखी पडली आणि 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. हिंदू, मुस्लिम, लिंगायत, बौद्ध असा भेद त्या ढिगाऱ्याने केला नाही.

या घटनेला तीस वर्षे उलटून गेली, तरी एक प्रश्न अजून विचारला जातो. त्या लोकांनी असे काय पाप केले होते? काही जण याचे उत्तरही छातीठोकपणे देतात. हा अजाब होता, असे ते म्हणतात. आपल्या माणसांना स्वतःच्या हातांनी मातीतून उकरून काढणाऱ्या बापाला हे उत्तर ऐकावे लागत असेल, तर ते खरोखर इस्लामचे उत्तर आहे काय, हे पाहणे आपले कर्तव्य ठरते.

ज्या दिवशी चिमुकले इब्राहीम वारले, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. प्रेषितांच्या पुत्राच्या मृत्यूमुळे सूर्य झाकोळला, असे लोक बोलू लागले. शोकात असलेल्या पित्याला ही गोष्ट सुखावणारी वाटू शकली असती. तरीही प्रेषितांनी ती तात्काळ खोडून काढली. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरण्या-जगण्यामुळे त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी लोकांना समजावले आणि नमाज व दुआ करण्यास सांगितले. सृष्टीतील घटनेचा अर्थ आपल्या मनाने एखाद्या माणसाशी जोडायचा नाही, हा त्यातील धडा आहे. ज्यांनी स्वतःच्या पुत्राच्या बाबतीत असा अर्थ लावू दिला नाही, त्यांचे अनुयायी दुसऱ्याच्या पुत्राच्या बाबतीत तो कसा लावतात?

कुरआनात भूकंपाने नष्ट झालेल्या समाजांचे उल्लेख आहेत, हे खरे. परंतु त्यांचे कारण स्वतः अल्लाहने वह्यद्वारे सांगितले आहे. सास्तूरविषयी कोणावर वह्य उतरली? प्रेषितत्वाचा क्रम संपल्यानंतर एखाद्या गावाचा निवाडा जाहीर करण्याचा अधिकार कोणाही आलिमाला उरत नाही. याउलट एक गोष्ट हदीसमध्ये स्पष्ट आहे. पडलेल्या घराखाली दबून मरण पावलेल्या श्रद्धावंताची गणना प्रेषितांनी शहिदांमध्ये केली आहे. ज्याला प्रेषितांनी शहीद म्हटले, त्याला आपण अपराधी कसे ठरवणार?

मग माझेच मूल का, या प्रश्नाचे उत्तर ईमान देते काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर या जगात ते मिळेलच, असे आश्वासन आपल्याला दिलेले नाही. ह. मूसा (अ.) यांच्यासारख्या महान प्रेषितालाही ह. खिज्र यांच्या कृतींमागचे कारण सांगितल्याशिवाय कळले नव्हते. 'इन्ना लिल्लाह' म्हणताना आपण कारण सांगत नसतो, नाते सांगत असतो. गेलेला जीव अल्लाहचा होता, मीही त्याचाच आहे आणि आपली भेट त्याच्याकडेच व्हायची आहे. कारण कळले नाही, तरी या नात्याच्या आधाराने माणूस उभा राहू शकतो.

याच जोडीने तवक्कुलचाही विचार करावा. त्या पहाटे जास्तीत जास्त बळी घेतले ते दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि मातीचा भार वाहणाऱ्या माळवदांनी. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची शिकवण आहे. भूकंपानंतर मजबूत घरे बांधणे हे त्या शिकवणीला धरूनच होते.

रागाची पखाल

दुःखाच्या पाठोपाठ पुष्कळदा राग येतो. दवाखान्यावर राग, सुनेवर राग, भावकीवर राग. चाळिसावा होण्याआधीच बांधावरून आणि वाटणीवरून भांडणे सुरू झालेली आपण पाहतो. रागाच्या भरात उच्चारलेल्या तलाकचा मसला विचारण्यासाठी दुसऱ्या दिवशी मशिदीत आलेल्या माणसाचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याला राग काय करू शकतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

सूरह आले-इमरानमध्ये ईशभीरू लोकांची लक्षणे सांगताना राग गिळणाऱ्यांचा उल्लेख आहे. तेथे वापरलेला अरबी शब्द भरलेल्या पखालीचे तोंड आवळून बांधण्यासाठीही वापरला जात असे. ही उपमा विचार करण्यासारखी आहे. पखाल रिकामी आहे, असे येथे कोणी म्हणत नाही. ती भरलेली आहे. राग आलेला आहे आणि कदाचित तो रास्तही आहे. ह. आयेशा (रजि.) सांगतात की प्रेषितांनी स्वतःसाठी कधी सूड घेतला नाही, पण अल्लाहच्या मर्यादा मोडल्या जात तेव्हा ते स्वस्थ बसत नसत. म्हणजे अन्यायाची चीड मारून टाकायची नाही. तिचे तोंड आपल्या हाती ठेवायचे, म्हणजे पाणी वाटेत सांडत नाही आणि जेथे हवे तेथे उपयोगी पडते.

यासाठी सांगितलेले उपाय अगदी साधे आहेत. उभे असाल तर बसा. बसूनही राग ओसरला नाही तर आडवे व्हा. गप्प राहा. अबू दाऊदमधील एका कथनात वजू करण्यास सांगितले आहे. उभ्या माणसाचा हात चटकन उठतो, आडव्या माणसाचा उठत नाही, एवढी व्यावहारिक दृष्टी त्यामागे आहे. काझीने रागात असताना निवाडा करू नये, असाही आदेश आहे. घराघरांत आपण सगळेच काझी असतो. मुलाला शिक्षा, पत्नीला जाब, भावाशी अबोला हे सगळे निवाडेच आहेत. ते दुसऱ्या दिवसावर टाकावेत.

चिंता, कर्ज आणि शेजार

ह. अनस (रजि.) प्रेषितांच्या सेवेत असत. प्रेषितांच्या मुखातून वारंवार ऐकलेली एक दुआ त्यांनी कथन केली आहे, ती बुखारीत आहे. तीत आठ गोष्टींपासून अल्लाहचे संरक्षण मागितलेले आहे. आरंभी चिंता आणि दुःख आहेत. पुढे असहायता, आळस, कृपणता आणि भित्रेपणा येतात. शेवटी कर्जाचे ओझे आणि माणसांची दडपशाही आहे. विद्वानांनी यातील पहिल्या जोडीचा भेद सांगितला आहे: चिंता उद्याची असते, दुःख कालचे असते. पण आपल्या जिल्ह्यातील वाचकाचे लक्ष शेवटच्या जोडीकडे जायला हवे. मनाच्या व्यथेसोबत एकाच दुआत कर्जाचा उल्लेख प्रेषितांनी केला आहे. मनाच्या रोगाचे एक मूळ खिशात असते, हे त्यांनी ओळखले होते.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे 2015 मध्ये राज्य शासनाने बळीराजा चेतना अभियानासाठी जे दोन जिल्हे निवडले, त्यांत यवतमाळबरोबर आपला जिल्हा होता. अशा जिल्ह्यात मशिदीच्या मिंबरावरून फक्त सब्राचा उपदेश करणे अपुरे आहे. अडचणीत असलेल्या ऋणकोला सवड द्या, असा आदेश सूरह अल्-बकरामध्ये धनकोला दिलेला आहे. सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत कर्जाखाली दबलेलाही आहे. कर्जदाराला सब्र शिकवायचा आणि आपली जकात मात्र सवयीने ठरावीक ठिकाणी देऊन मोकळे व्हायचे, हे न्यायाचे नाही.

ह. जाफर (रजि.) मूता येथे शहीद झाले, तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करण्यास प्रेषितांनी इतरांना सांगितले, कारण ते घर दुःखात बुडालेले होते. आपल्याकडे अनेक ठिकाणी नेमके उलटे घडते. तिसऱ्या दिवसाची जियारत, दहावा, चाळिसावा यांसाठी शोकाकुल घरच गावाला जेवू घालते आणि त्यासाठी प्रसंगी व्याजाने पैसे काढते. मृताच्या नावाने घातलेले हे जेवण जिवंतांच्या गळ्याला फास होत असेल, तर ते थांबवण्याचे धैर्य जमातीने दाखवले पाहिजे.

नमाज हाही चिंतेवरचा उपाय आहे. कठीण प्रसंगी प्रेषित नमाजकडे वळत. दुःखात माणसाला दिवस-रात्रीचे भान राहत नाही. पाच वेळांची नमाज ते भान परत आणते, तोंडावर पाणी घ्यायला लावते आणि सफमध्ये दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभे करते. सजद्यात माणूस जे कोणाला सांगू शकत नाही ते सांगू शकतो. परंतु सफचा आणखी एक फायदा आहे, तो आपण विसरतो. रोजचा नमाजी तीन दिवस दिसला नाही, तर त्याच्या दारी जाऊन विचारपूस करता येते. इद्दतचे चार महिने दहा दिवस घरात असलेल्या विधवेची विचारपूस कोण करतो? शेजारच्या स्त्रियांनी हे आपले काम समजावे. ह. आयेशा (रजि.) शोकाकुल घरातील स्त्रियांसाठी जवाचे तलबीना शिजवून घेत, त्याने दुःख थोडे हलके होते असे प्रेषितांकडून ऐकल्याचे सांगत. एक वाटी पेजेला दीनमध्ये केवढे स्थान आहे, हे यातून दिसते.

मनाचा आजार नमाजने आणि शेजाराने हलला नाही, तर डॉक्टरांकडे जावे. प्रत्येक रोगावर अल्लाहने औषध ठेवले आहे, म्हणून उपचार करा, ही शिकवण शरीरापुरती मर्यादित नाही. शासनाच्या टेलि-मानस सेवेशी 14416 या क्रमांकावर बोलता येते. उपचार घेणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही, तो उंट बांधण्याचाच भाग आहे.

आणि जे घर आधीच उद्ध्वस्त झाले, त्याचे काय? स्वतःचा जीव घेणे हराम आहे. ज्या आयतीत ही मनाई आहे, तिच्या अखेरीस अल्लाह तुमच्यावर दयाळू असल्याचेही सांगितले आहे. ह. तुफैल बिन अम्र (रजि.) यांच्यासोबत हिजरत केलेल्या एकाने आजाराच्या वेदना असह्य होऊन स्वतःचा जीव घेतला. पुढे तुफैल यांना तो स्वप्नात दिसला. त्याला क्षमा मिळाली होती, मात्र त्याचे हात झाकलेले होते. हे ऐकून प्रेषितांनी त्या हातांनाही क्षमा मिळावी म्हणून दुआ केली. हे कथन सहीह मुस्लिममध्ये आहे. कृत्याला गुनाह म्हणायचे आणि माणसासाठी हात पसरायचे, ही प्रेषितांची रीत आहे. ज्या दारात लोक जायला बिचकतात, तेथे आपण आधी जावे.

वाचकहो, यापुढे कोणाला सब्र करा असे सांगण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्याच्या शेजारी बसावे, त्याला बोलू द्यावे, रडू द्यावे. त्याच्या चुलीची आणि कर्जाची चौकशी करावी. एवढे केल्यावर तो शब्द उच्चारला, तर तो त्याच्यापर्यंत पोहोचेल.

अल्लाह आपल्या सर्वांच्या दुःखितांना दिलासा देवो, कर्जाखाली दबलेल्यांची सुटका करो आणि आपल्याला एकमेकांचा आधार बनवो. आमीन.