चिमणीचे दार

मराठी घरातले मूल जी पहिली गोष्ट ऐकते, ती बहुधा एका बंद दाराची असते. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि भिजलेला कावळा चिमणीच्या दाराशी येऊन उभा राहतो. आत चिमणी बाळाला न्हाऊ घालते, अंग पुसते, तीट लावते, झोपवते. आणि दर वेळी कावळ्याला थांबायला सांगते. गोष्ट फार जुनी आहे. तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’तही तिचे एक रूप सापडते. इतक्या पिढ्यांत ती सांगणारी आई आणि ऐकणारे मूल ही दोघेही दाराच्या आतल्या बाजूला, उबेत बसलेली असतात. म्हणून तर कावळ्याची गंमत वाटते. त्याने पक्के घर का बांधले नाही, असे आपण सहज म्हणून जातो. त्याला मेण कुठून मिळायचे, हे विचारायचे मात्र राहून जाते.

प्राण्यांच्या गोष्टींतून मुलांना नीती शिकवावी, याबद्दल आपल्यात सहसा मतभेद होत नाही. शास्त्री, पंतोजी, कीर्तनकार, मिशनरी, सुधारक या सर्वांनी हा मार्ग पसंत केला. मतभेद व्हायला हवा तो पुढच्या प्रश्नावर: त्या गोष्टीत आपण मुलाला दाराच्या कोणत्या बाजूला बसवतो?

पातूरसारख्या गावी हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही. अकोल्याहून वाशीमकडे जाताना घाट लागण्यापूर्वी हे गाव येते. जवळच टेकडीत कोरलेली जुनी लेणी आहेत. शेख बाबूंच्या दर्ग्यावरून जुन्या कागदपत्रांत गावाला ‘पातूर शेख बाबू’ असेही म्हटलेले आढळते. याच तालुक्यातले आलेगाव हे महानुभावांचे एक स्थान आहे; आणि तिकडे अकोल्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकन मिशनऱ्यांनी आपले काम मांडले. तेव्हा या टापूतल्या मुलाच्या कानावर गोष्टी एकाच दिशेने कधी आल्या नाहीत. कीर्तनातला गजेंद्र, महानुभावांचा आंधळ्यांनी चाचपलेला हत्ती, शाळेच्या पुस्तकातला कोल्हा आणि ख्रिस्ती उपासनेतले हरवलेले मेंढरू, सगळे त्याला एकच सांगतात की, बाळ, चांगला हो. पण चांगले कशाला म्हणावे, याविषयी या प्राण्यांचे आपसांत मुळीच एकमत नाही.

इसापाचेच पाहा. त्याच्या गोष्टींचे मराठी रूप एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने छापले गेले. पुढे १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीति’ मुंबईला निघाली आणि मराठी शाळेत कोल्हा, करकोचा, मुंगी, टोळ ही मंडळी कायमची वस्तीला आली. अमेरिकन मराठी मिशनने १८७३ साली ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक काढले, तेव्हा गोष्टीच्या पदरात बोध बांधून देण्याची ही चाल वाचकांच्या चांगली परिचयाची झालेली होती. इसाप हा ग्रीक, आणि परंपरेप्रमाणे गुलाम. त्याच्या नीतीत ख्रिस्ती असे काही नाही, हिंदू असेही काही नाही. ती जपून राहणाऱ्याची नीती आहे. फसू नको, साठवून ठेव, बलवानाशी भागी करू नको. गुलामाला ही नीती शोभते, कारण तिच्यावाचून तो जगायचा नाही. पण तीच नीती भरल्या घरातल्या मुलाच्या हाती दिली की तिचा रंग बदलतो. रूसोने १७६२ च्या आपल्या ‘एमिल’ ग्रंथात नेमकी ही तक्रार केली आहे. कावळा आणि कोल्हा यांची गोष्ट सांगा, मूल कावळ्याला हसेल आणि कोल्हा होऊ पाहील. मुंगीची गोष्ट सांगा, ते उद्योग शिकण्याऐवजी दारी आलेल्याला नाही म्हणायला आणि वर त्याची थट्टा करायला शिकेल.

रूसोची भीती पुस्तकी वाटत असेल, तर ती वऱ्हाडात आणून पाहावी. १८९९-१९०० च्या दुष्काळाने हा काळ्या मातीचा, कापसाचा, एरवी सुखवस्तू मानला गेलेला मुलूख होरपळून काढला. गावोगावची माणसे अन्नाच्या शोधात बाहेर पडली, मुले पोरकी झाली, आणि त्या वर्षांत मिशनांनी ठिकठिकाणी अनाथालये उघडली. अशा एखाद्या मुलापुढे मुंगी आणि टोळाची गोष्ट ठेवून पाहा. त्याचा बाप उन्हाळाभर गात बसला नव्हता. त्याने नांगरले, पेरले, आभाळाकडे पाहिले; पाऊस आला नाही. मुंगीचे तात्पर्य त्या मुलाला काय सांगते? तुझा बाप आळशी होता, म्हणून मेला, एवढेच. ज्या गोष्टीतला बोध ऐकून मेलेल्या बापावर खोटा आळ येतो, तिला नीतिकथा कसे म्हणावे?

हरवलेल्या मेंढराचा दाखला याच्या अगदी उलट टोकाला उभा आहे. शंभर मेंढरांपैकी एक चुकते. मेंढपाळ नव्याण्णवांना रानात सोडून त्या एकाला शोधायला निघतो आणि सापडल्यावर आनंदाने खांद्यावर घेतो. आपल्या नीतिग्रंथांचा हिशेब वेगळा आहे. कुळासाठी एकाला सोडावे, गावासाठी कुळाला सोडावे, हाती असलेले टाकून अनिश्चिताच्या मागे लागू नये, असे ते सांगतात. विष्णुशर्म्याने हा दाखला ऐकला असता तर त्या मेंढपाळाची गणना त्याने मूर्खांतच केली असती. आणि मूलही नेमके हेच विचारते: मग त्या नव्याण्णवांचे काय? घाटातला धनगर यावर उत्तर देईल, की आधी वाघूर लावून कळप आत घालायचा, कुत्री राखणीला ठेवायची, आणि मग निघायचे. पण निघायचे खरेच. हे उत्तर मला फार मोलाचे वाटते. शहाणपण आणि करुणा यांत निवड करायची नसते. आधी वाघूर लावायची असते. मात्र वाघूर लावून झाल्यावर जो घोंगडी ओढून झोपी जातो, त्याचे शहाणपण ते शहाणपण नव्हे.

तरीही कोणी म्हणेल की तात्पर्य सांगितल्यावाचून मुलाला अर्थ कसा लागणार? आक्षेप रास्त आहे. महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त केसोबासाने चक्रधरांचे दृष्टान्त मांडले, तेही सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशा तीन अंगांनी, अर्थ वाऱ्यावर सोडलेला नाही. तेव्हा वैर तात्पर्याशी नाही. मला पाहायचे आहे ते इतकेच, की त्या तात्पर्याच्या कक्षेत सांगणारा स्वतः येतो की नाही.

याची कसोटी जुन्या करारातल्या एका गोष्टीत आहे, आणि ती लहान मुलाला सांगितलेली नसून राजाला सांगितलेली आहे. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला रणात मरायला धाडले. तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला आणि त्याने एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताचे पुष्कळ कळप होते. एका गरिबाची एकच कोकरी होती, ती त्याच्या घासातले खाई, त्याच्या उराशी निजे. श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने आपल्या कळपाला हात न लावता ती कोकरी नेऊन रांधली. राजा संतापून म्हणाला की असे करणारा मरणास पात्र आहे. नाथानाने उत्तर दिले, की तो माणूस तूच. प्राण्यांच्या गोष्टीचे खरे सामर्थ्य हेच. ऐकणारा बेसावध असताना ती त्याच्याकडून न्याय करवून घेते, आणि मग तो न्याय त्याच्याच पदरात टाकते. दुर्बलांनी सबळांना ऐकवण्यासाठी घडवलेले हे हत्यार आपण उलटे धरले आणि ते मुलांवर चालवू लागलो.

ही कसोटी लावायची तर ती सर्वांना लावली पाहिजे. दुष्काळात ज्यांनी दार उघडले, ते मुंगीहून थोर ठरले, यात शंका नाही. पण अन्न आणि धर्माचा पाठ एकाच हातातून येऊ लागला, तेव्हा त्या उपाशी मुलाला दुसऱ्याला नको म्हणण्याची कितीशी मोकळीक होती, हे मेंढराचा दाखला सांगणाऱ्याने स्वतःला विचारायला हवे होते. दाखल्यातला मेंढपाळ मेंढराला उचलतो, त्याच्याकडून काही कबूल करून घेत नाही. आणि जे आपली माणसे परक्या धर्मात गेली म्हणून हळहळले, त्यांनी चिऊकाऊची गोष्ट पुन्हा एकदा ऐकावी. महाराष्ट्रात ख्रिस्ती झालेल्यांत गावकुसाबाहेरच्यांचा भरणा मोठा होता. पावसात वाहून जाणारी घरे कोणाची होती, आणि दारे आतून कोणी लावून घेतली होती? थांब म्हणून सांगणे हेही नाहीच म्हणणे असते. फक्त त्यात आवाज गोड असतो.

तात्पर्याची गरजच पडू नये, अशाही गोष्टी आपल्याकडे आहेत. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी शाळेत वाचली. बाण लागलेली पक्षीण आपल्या पिलांकडे कशीबशी पोचते, एवढाच तिचा विषय. ती धर्मांतराआधीची की नंतरची, हे कोणत्या मुलाने विचारले नाही. डोळे मात्र भरून आले. ‘लीळाचरित्रा’त शिकारी मागे लागलेला ससा चक्रधरांच्या गुडघ्याखाली आश्रय घेतो आणि चक्रधर तो त्यांच्या हवाली करीत नाहीत. तो ससा कोणत्याही गुणाचे सोंग घेऊन आलेला नाही. तो भ्यालेला ससाच आहे. बोध झाला तर तो शिकाऱ्यांना व्हायचा आहे.

मुलांना गोष्टी सांगाव्यात, चिऊकाऊचीही सांगावी; तिच्यावर बंदी घालण्यासारखे काही नाही. फक्त कावळा दार ठोठावतो तिथे सांगणाऱ्याने थोडे थांबावे, आणि आता चिमणीने काय करावे ते मुलालाच विचारावे. माझा अनुभव असा, की लहान मुले बहुधा दार उघडायला सांगतात. मग ती पुढचा प्रश्न विचारतात, आणि तो आपल्याच घराच्या दाराविषयी असतो. त्याचे उत्तर द्यायची ज्याची तयारी नसेल, त्याने मुलांना नीतिकथा सांगण्याच्या भानगडीत पडू नये.